जेम्स नदीकाठचा दहा फासळ्यांचा शिंपला: ओळख कशी पटवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. रिचमंडला स्थायिक झालेल्या एका वाचकाला व्हर्जिनियातल्या सरी काउंटीत, जेम्स नदीच्या दक्षिण काठावर, स्नेह्यांच्या जागेलगतच्या वाळूत तीन शिंपले सापडले. पहिला (त्याला 'अ' म्हणू) तळहात झाकून टाकेल एवढा. उंची ११.८ सेंटिमीटर, रुंदी १२.४, ठसठशीत फासळ्या दहा, आणि आतबाहेर चिकटलेले बार्नाकल (खडकांना, शिंपल्यांना चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव). दुसरा, 'ब', तुटका आहे. कानांचा (वरच्या टोकाजवळच्या दोन पंखांचा) भाग गेलाय, फासळ्या पंधरा-सोळा. तिसरा, 'क', सपाट आणि पातळ असून त्याच्यावर फासळ्या म्हणाव्यात अशा नाहीतच, नुसत्या बारीक रेघा आहेत. फोनमधल्या ॲपने 'अ'ला 'लायन्स पॉ' ठरवलं. एका परिचितांचं मत पडलं की हॉटेलवाल्याने टाकलेला कचरा असणार, कारण 'जीवाश्म असता तर दगड झाला असता'. वाचकाने फोटो पाठवलेत आणि त्याला नाव, वय आणि साफ करायची पद्धत हवी आहे.

निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. 'अ' हा चेसापेक्टन जेफरसोनियस आहे, म्हणजे नामशेष झालेला एक स्कॅलॉप (पंख्याच्या आकाराचा समुद्री शिंपला). उजवी झडप (शिंपल्याच्या दोन भागांपैकी एक), पूर्ण वाढलेली. वय सुमारे ४५ ते ५० लाख वर्षं, म्हणजे प्लायोसीन कालखंडाची सुरुवात. 'क' बहुधा प्लॅकोपेक्टन क्लिंटोनियस हा दुसरा एक स्कॅलॉप आहे, पण त्याची एक तपासणी बाकी आहे. 'ब' चेसापेक्टनच, पण पुढचं नाव त्या तुकड्यावरून देता येणार नाही आणि कोणी ठामपणे दिलं तर विश्वास ठेवू नका.

आता तुमच्या परिचितांच्या शंकेकडे वळू, कारण आपल्याकडच्या बहुतेकांना ती पडते. आपल्या लोकांची जीवाश्माशी ओळख असते ती देवघरातल्या शाळिग्रामातून. नेपाळात काळी गंडकीच्या पात्रात मिळणारा तो अमोनाइट (नामशेष झालेला गुंडाळीदार कवचाचा समुद्री प्राणी) खरोखरच काळ्या दगडात कोंडलेला असतो, त्यामुळे जीवाश्म म्हटला की तो दगडच असायचा अशी समजूत होते. महाराष्ट्रात ती दुरुस्त व्हायला वाव कमी. आपला बहुतेक मुलूख बसाल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर. समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म सह्याद्रीत शोधून मिळायचे नाहीत. ते पाहायचे तर कच्छला जावं लागतं. तिथल्या मायोसीन (प्लायोसीनच्या आधीच्या कालखंडातल्या) थरांत स्कॅलॉप आणि कालवं भरपूर आहेत. व्हर्जिनियाच्या किनारी मैदानातला गाळ मात्र तुलनेने तरुण आहे आणि तो कधी फार खोल गाडला गेला नाही. म्हणून तिथला शिंपला पन्नास लाख वर्षांनीही शिंपलाच राहिलाय. तुमच्या हातात आहे ते त्या प्राण्याने स्वतः तयार केलेलं मूळ कवच.

तेच कवच टिकलं यालाही कारण आहे. शिंपले दोन प्रकारच्या चुन्याने बांधले जातात, कॅल्साइट आणि अरॅगोनाइट. अरॅगोनाइट पाझरत्या पाण्यात लवकर विरघळतं. स्कॅलॉप, कालवं आणि बार्नाकल यांची कवचं मुख्यतः कॅल्साइटची, म्हणून ती तग धरतात. तुमच्या त्या कड्याच्या वरच्या भागात, जिथे पावसाचं पाणी झिरपतं, तिथे बाकीच्या शिंपल्यांचे नुसते पोकळ ठसे आणि त्यांच्यामध्ये धडधाकट स्कॅलॉप असं दृश्य दिसलं तर नवल वाटून घेऊ नका.

हॉटेलचा कचरा असण्याची शक्यता 'अ'बाबत मी एका वाक्यात निकालात काढतो: एवढ्या जाड, एवढ्या मोठ्या आणि दहा उंच फासळ्यांच्या शिंपल्याचा प्राणी आज या किनाऱ्यावर कुठेही जिवंत नाही. चेसापेक्टन हा गणच केव्हाचा नामशेष झालाय. शिवाय सरीजवळ जेम्सचं पाणी जेमतेम मचूळ असतं, तेवढ्या कमी क्षारात कुठलाच स्कॅलॉप जगत नाही. चेसापीक उपसागराच्या तोंडाजवळ आणि व्हर्जिनियाच्या समुद्राकडच्या खाड्यांत पूर्वी बे स्कॅलॉप मिळायचा, पण १९३० च्या दशकात तिथलं समुद्री गवत रोगाने आणि १९३३ च्या वादळाने नाहीसं झालं आणि त्याच्यासोबत तोही गेला. आता तो पुन्हा रुजवण्याचे प्रयत्न चालू आहेत. तो सापडला असता तरी तुमच्या 'अ'च्या निम्म्या आकाराचा, पातळ आणि सतरा-अठरा फासळ्यांचा असता.

ॲपचा 'लायन्स पॉ' समजण्यासारखा आहे. कॅरिबियनकडचा हा शिंपला, नोडिपेक्टन, आठ-दहा जाड फासळ्यांचाच असतो आणि शोभेच्या दुकानांत विकला जात असल्याने त्याचे फोटोही ढिगाने उपलब्ध आहेत. फासळ्यांची संख्या जुळली की ॲप खूश. पण त्याच्या फासळ्यांवर ठरावीक अंतराने पोकळ गाठी असतात. तुमच्या फोटोत फासळी शिखरापासून (शिंपल्याच्या वरच्या टोकापासून) कडेपर्यंत एकसंध उतरत गेलीय, गाठ एकही नाही. फासळीच्या अंगावर बोट आडवं फिरवा. खरखर लागेल, कारण मोठ्या फासळीवर आणि दोन फासळ्यांमधल्या खोबणीतही बारीक खवलेदार रेघा उभ्या धावतात. पाण्याने झिजलेल्या भागावर त्या जाणवणार नाहीत. बार्नाकलच्या अगदी बुडाशी, जिथे झीज पोचलेली नाही, तिथे पाहा. तुमच्या तिसऱ्या फोटोत डावीकडच्या बार्नाकलखाली त्या स्पष्ट दिसतात. याच थरांत आढळणारा आणखी एक मोठा स्कॅलॉप, कॅरोलिनापेक्टन, इथेच वेगळा पडतो. त्याच्या फासळ्या संख्येने जास्त, बसक्या आणि अंगाने गुळगुळीत असतात.

फासळ्यांबद्दल बोलतोय तर मोजणीचंही सांगून टाकतो, कारण नवखे लोक इथेच अडखळतात. मोजणी शिखराजवळ करायची नाही, खालच्या कडेजवळ करायची. दोन्ही टोकांना कानांच्या खाली एखाददोन पुसट फासळ्या असतात. त्या धरल्या की नाही ते लिहून ठेवा. तसं लिहिलं नाही तर एकच शिंपला एकाला दहाचा आणि दुसऱ्याला बाराचा दिसतो. बाहेरून झीज झाली असेल तर उलटून आतल्या बाजूने मोजा, तिथे फासळीच्या जागी खोबण दिसते आणि ती सहसा शाबूत असते. आणि एकाच प्राण्याच्या दोन झडपांची संख्या सारखी येईलच असं नाही. एका झडपेची फासळी दुसरीच्या खोबणीत बसते, त्यामुळे एकाचा फरक पडतो.

जेफरसोनियसला साधारण नऊ ते बारा फासळ्या असतात. याच गणातल्या, त्याच्या नंतरच्या मॅडिसोनियसला त्याहून जास्त, बहुधा पंधराच्या आसपास. सेप्टेनॅरियसला त्याहून कमी, सातच्या मागेपुढे. आकडे सोयीचे आहेत, पण नुसत्या आकड्यावर नाव ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बारा-तेरा फासळ्यांचा शिंपला हातात आला की आकडा मुका होतो. तेव्हा फासळीची घडण पाहावी लागते. जेफरसोनियसची फासळी उंच, रुंद, माथ्याला चपटी आणि दोन्ही बाजूंनी खडी उतरणारी असते. कडेकडून पाहिलं तर ती चौकोनी दिसते. मॅडिसोनियसमध्ये ती अरुंद आणि एकमेकींच्या जास्त जवळ असते, कड पन्हळी पत्र्यासारखी दिसते. तुम्ही कडेकडून फोटो काढलात हे फार बरं केलंत. लोक वरून दहा फोटो काढतात आणि हा एक नेमका विसरतात.

आता कान. शिखराच्या दोन्ही बाजूंना जे दोन त्रिकोणी पंख दिसतात ते कान, आणि माझ्या दृष्टीने स्कॅलॉपची ओळख पटवताना सर्वांत मोलाचा भाग तोच. दुर्दैवाने तुटतोही आधी तोच. 'अ' हातात घ्या, बाहेरची बाजू तुमच्याकडे, शिखर वर. तुमच्या उजव्या हाताकडच्या कानाखाली एक खाच दिसेल. या स्थितीत खाच उजवीकडे आली की झडप उजवी. डाव्या झडपेला तशी खाच नसते. स्कॅलॉप समुद्रतळावर उजवी झडप खाली टेकवून पडतो, आणि या खाचेतून त्याचे तंतू बाहेर येऊन तळाशी चिकटतात. कोकणात शिणाणे खडकाला ज्या केसाळ धाग्यांनी घट्ट धरून बसतात, तेच हे तंतू. खाचेच्या खालच्या काठावर भिंग धरलंत तर दोन-तीन बारीक दातुले दिसतील, टाचणीच्या डोक्याहून लहान. धागे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून ते या दातुल्यांतून विंचरल्यासारखे वेगळे निघतात. हे दातुले ही स्कॅलॉपच्या कुळाची खूण मानली जाते. तुमच्या नमुन्यात ते थोडे घासलेत, पण आहेत.

त्या खाचेची खोली पाहा. 'अ'मध्ये ती उथळ आहे, नुसता बाक आल्यासारखी. चेसापेक्टनच्या घराण्याचा इतिहास या एका खाचेत वाचता येतो, म्हणून इथे जरा थांबतो.

मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या किनारी थरांत हे घराणं खालून वर ओळीने सापडतं. कॅल्व्हर्ट थरांत कॉकिमेलस, त्याच्या वर चॉपटँकमध्ये नेफ्रेन्स, सेंट मेरीजमध्ये सांतामारिया, ईस्टओव्हरमध्ये मिडलसेक्सेन्सिस, मग यॉर्कटाउन थराच्या तळाशी जेफरसोनियस आणि वरच्या भागात मॅडिसोनियस. मायोसीनच्या पूर्वार्धापासून प्लायोसीनपर्यंतचा हा प्रवास. सुरुवातीच्या प्रजातींत खाच खोल आणि टोकदार आहे, म्हणजे मोठेपणीही प्राणी तंतूंनी बांधलेला राहत असावा. जसजसं वर यावं तसतशी खाच उथळ होत जाते, कवच मोठं आणि जड होतं. जेफरसोनियस पूर्ण वाढला की त्याला बहुधा धाग्यांची गरज उरत नव्हती. वजनावरच तो तळाला पडून राहायचा. लॉक वॉर्ड आणि ब्लेक ब्लॅकवेल्डर या दोघांनी १९७५ मध्ये ही साखळी मांडली आणि चेसापेक्टन हे गणनामही त्यांनीच दिलं. त्यापूर्वीची पुस्तकं आणि संग्रहालयांतल्या जुन्या चिठ्ठ्या चाळल्यात तर हाच शिंपला पेक्टन, क्लॅमिस किंवा लायरोपेक्टन अशा नावांखाली सापडेल. गोंधळून जाऊ नका, प्रजातीचं नाव तेच राहतं.

ते नाव १८२४ चं. जॉन फिंच या इंग्रज भूशास्त्रज्ञाने यॉर्कटाउनच्या परिसरातून शिंपल्यांचा मोठा संग्रह गोळा करून फिलाडेल्फियाच्या अकादमी ऑफ नॅचरल सायन्सेसला दिला. तिथे टॉमस से याने त्यांचं वर्णन केलं. एकाला जेफरसनचं नाव दिलं, दुसऱ्याला मॅडिसनचं. दोघे माजी राष्ट्राध्यक्ष, दोघे व्हर्जिनियाचे, आणि दोघेही तेव्हा हयात होते. जेफरसनला तर जीवाश्मांचा नादच होता, त्यामुळे हा सन्मान योग्य माणसाला मिळाला म्हणायचं. पण शिंपल्याची कीर्ती त्याहून जुनी आहे. मार्टिन लिस्टर या इंग्रज वैद्याने १६८७ मध्ये आपल्या शंखशिंपल्यांच्या ग्रंथात त्याचं चित्र छापलं होतं, आणि उत्तर अमेरिकेतल्या जीवाश्माचं शास्त्रीय ग्रंथात आलेलं ते पहिलं चित्र मानलं जातं. १९९३ मध्ये व्हर्जिनियाने त्याला राज्य-जीवाश्माचा मान दिला. तेव्हा तुमचा शिंपला मानाचा आहे, पण दुर्मीळ नाही. बाजारात त्याला फारशी किंमत येत नाही, आणि आली असती तरी विकू नका असंच मी म्हटलं असतं.

'अ'चं नाव पक्कं करताना मला सर्वांत जास्त आधार दिला तो तुम्ही कड्याचा जो एक लांबून काढलेला फोटो जोडलाय त्याने. शिंपल्याच्या फोटोंपेक्षा तो मोलाचा आहे. सरी काउंटीच्या या काठावर पाण्यालगत ईस्टओव्हर थराचा वरचा भाग, कोबम बे, उघडा पडतो. त्याच्यावर यॉर्कटाउन थराचा तळ, सनकन मेडो, म्हणजे जाडसर वाळू आणि शिंपल्यांची खच्चून दाटी. त्याच्याही वर रशमेअर. तुमच्या फोटोत पाण्यापासून साधारण डोक्याच्या उंचीवर शिंपल्यांचा पांढरा पट्टा दिसतो आणि 'अ' त्याच्या थेट खाली सापडलाय. जेफरसोनियस याच सनकन मेडोचा रहिवासी. आकार, फासळी, खाच आणि थर, चारही गोष्टी एकाच नावाकडे बोट दाखवतात, म्हणून मी 'बहुधा' हा शब्द गाळला.

त्या काळी समुद्र आतपर्यंत आलेला होता. रिचमंडजवळ जिथे नदी खडकांवरून फेसाळत उतरते, त्या रेषेच्या आसपास अटलांटिकचा किनारा होता आणि आजचा सरी काउंटी उथळ समुद्राखाली. तुमच्या शिंपल्यावरचे बार्नाकल त्याच समुद्रातले. इथे एक गंमत आहे. बार्नाकल बाहेरच्या बाजूला आहेत तसे आतल्या बाजूलाही आहेत. प्राणी जिवंत असेपर्यंत आतली बाजू त्याच्या मऊ अंगाने झाकलेली असते, तिथे बार्नाकल बसूच शकत नाही. म्हणजे स्कॅलॉप मेला, झडपा सुटल्या, आणि ही झडप गाडली जाण्यापूर्वी काही काळ तळावर उघडी पडून होती, निदान बार्नाकल मोठे होईपर्यंत. अर्थात आजच्या जेम्समध्येही बार्नाकल आहेत, त्यामुळे 'बार्नाकल आहे म्हणून जुना' असा निष्कर्ष काढता येत नाही. तुमचे जुनेच आहेत. ते मोठे आणि जाड भिंतींचे आहेत आणि त्यांच्या पोकळीत कड्यातली करडी वाळू घट्ट बसलीय.

आतल्या बाजूला मधोमध, किंचित एका बाजूला, जो मोठा गोल डाग दिसतो तो स्नायूचा. झडपा उघडझाप करून स्कॅलॉप पाण्यात उड्या मारत पळतो तो याच्या जोरावर. हॉटेलात ताटात येते ती पांढरी वडीही हाच स्नायू.

वाढीच्या रेषा मोजून शिंपल्याचं आयुष्य काढता येईल का असंही तुम्ही विचारलंय. नुसत्या डोळ्यांनी नाही. ठळक रेषा हिवाळ्याने पडतात तशा वादळाने, जखमेने, अंडी घालण्याच्या ताणानेही पडतात. शास्त्रज्ञ त्यासाठी शिखरापासून कडेपर्यंत थोडी थोडी पूड खरवडून तिच्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण मोजतात. मॅडिसोनियसवर असं काम झालंय आणि त्यातून प्लायोसीनच्या समुद्रातले उन्हाळे-हिवाळे वाचता आले. हे घरी करण्यासारखं नाही.

आता 'क'. सपाट, पातळ, बारीक रेघांचा, जवळजवळ गोल. अशा वर्णनाचा प्लॅकोपेक्टन क्लिंटोनियस सनकन मेडोमध्ये इतका ठरलेला असतो की जुन्या अभ्यासकांनी यॉर्कटाउनच्या या तळच्या पट्ट्याला त्याच्याच नावाने ओळखलं. 'अ' आणि 'क' एकाच जागी सापडले हे दोघांच्याही ओळखीला बळ देतं. पण तुमच्या परिचितांची हॉटेलवाली शंका 'अ'बाबत फोल असली तरी 'क'बाबत मी ती फेटाळणार नाही. या प्राण्याचा सख्खा नातेवाईक, प्लॅकोपेक्टन मॅगेलॅनिकस, आजही अटलांटिकमध्ये आहे, दिसायलाही तसाच आहे, आणि नदीच्या खालच्या अंगाला न्यूपोर्ट न्यूज हे त्याच्या मासेमारीचं मोठं बंदर आहे. लोक ताटलीसारखे वापरायला हे शिंपले घरी नेतात, मागून नदीकाठी टाकतात. तेव्हा 'क' नीट तपासा. आजच्या शिंपल्याची वरची झडप तांबूस-तपकिरी असते, खालची पांढरी, आणि आतून चकाकी असते. जीवाश्माचा रंग गेलेला असतो, पृष्ठभाग खडूसारखा निस्तेज, आणि कानांच्या सांध्यात व रेघांच्या फटींत करडी वाळू रुतलेली. तुमच्या फोटोत प्रकाश इतका समोरून पडलाय की यातलं काहीच कळत नाही.

'ब'बद्दल निराशा करतो. पंधरा-सोळा फासळ्या आणि खवलेदार रेघा, एवढ्यावर चेसापेक्टन म्हणता येतं. पण त्या कड्यात खाली ईस्टओव्हर आहे, तिथे मिडलसेक्सेन्सिस, आणि वर रशमेअर आहे, तिथे मॅडिसोनियस. लाटांनी कडा पोखरला की दोन्हीकडचे शिंपले एकाच वाळूत येऊन पडतात. खाच शाबूत असती तर निवाडा सोपा होता, पण कानच नाहीत. तेव्हा चिठ्ठीवर 'चेसापेक्टन, प्रजाती अनिश्चित' लिहा. संग्रहात अशी चिठ्ठी असणं कमीपणाचं नाही. उलट जिथे प्रत्येक तुकड्याला पूर्ण नाव दिलेलं असतं, त्या संग्रहावर माझा विश्वास कमी असतो.

साफसफाई. आपल्या घरांत काही चकचकीत करायचं म्हटलं की हात चिंचेकडे, लिंबाकडे जातो. इथे तो आवरा. व्हिनेगरसुद्धा नको. कवच चुन्याचं आहे, आम्लाने फसफसून विरघळेल आणि सगळ्यांत आधी जाईल त्या खवलेदार रेघा, म्हणजे नेमकी ओळखीची खूण. ब्लीचही नको. साध्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजत ठेवा, पाणी बदलत राहा म्हणजे मुरलेला क्षार निघेल, मग जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच घासा आणि सावलीत वाळवा. उन्हात टाकलात तर पापुद्रे सुटतील. बार्नाकल काढू नका, त्याखालचा पृष्ठभाग सोबत येतो, आणि बार्नाकल हा त्या नमुन्याचाच भाग आहे. भुकटी होत असेल तरच पॅरालॉइड बी-७२ (संग्रहालयांत वापरतात ती पारदर्शक राळ) ॲसिटोनमध्ये अगदी पातळ करून ब्रशने लावा. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास गॅस पेटलेला नको. हे लेपण पुढे कोणाला काढायचं झालं तर काढता येतं. वॉर्निश आणि फेविकॉलचं तसं नाही.

ठेवताना ओक लाकडाच्या कपाटात ठेवू नका. त्या लाकडातून सुटणाऱ्या आम्ली वाफांनी शिंपल्यांवर पांढरी बुरशीसारखी क्षारांची पूड चढते आणि कवच हळूहळू खाल्लं जातं. संग्रहालयांतले जुने संग्रहही याने नासले आहेत. प्लॅस्टिकची डबी बरी. कापसात गुंडाळू नका, तंतू बार्नाकलमध्ये अडकतात. टिश्यू पेपर चालेल.

आणि चिठ्ठी. ती आजच लिहा. ठिकाण (फोनवरून अक्षांश-रेखांश घ्या), तारीख, कड्यात सापडला की सुट्या वाळूत, पांढऱ्या पट्ट्याच्या वर की खाली, कोणी उचलला, जागा कोणाची. नमुन्यावर आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर शाईने क्रमांक घाला आणि तोच क्रमांक चिठ्ठीवर. चिठ्ठी हरवलेला सुंदर जेफरसोनियस फक्त शोभेचा, आणि चिठ्ठी असलेला तुटका 'ब' उद्या एखाद्या अभ्यासकाच्या कामाचा.

परवानगीचं एक सांगायलाच हवं. व्हर्जिनियात खाजगी मालकी सहसा ओहोटीच्या रेषेपर्यंत जाते. म्हणजे 'वाळू सर्वांची' ही आपली कोकणातली समजूत तिथे चालत नाही. तुमचे स्नेही मालक आहेत म्हणून ठीक, पण चालत चालत शेजाऱ्यांच्या हद्दीत गेलात तर त्यांनाही विचारा. यॉर्कटाउनची रणभूमी आणि कलोनियल पार्कवे ही राष्ट्रीय उद्यान सेवेची जागा आहे. तिथून एक तुकडाही उचलणं बेकायदा. राज्य उद्यानांचे नियम उद्यानागणिक वेगळे आहेत, तिथल्या कचेरीत विचारल्याशिवाय काही खिशात घालू नका. कड्याच्या पायथ्याशी खणू तर अजिबात नका. ओल्या वाळूचे कडे पूर्वसूचना न देता कोसळतात, पावसानंतर आणि बर्फ वितळताना विशेष.

प्रत्यक्ष ताडून पाहायचं असेल तर मार्टिन्सव्हिलचं व्हर्जिनिया म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी किंवा मेरीलँडमध्ये सॉलोमन्सचं कॅल्व्हर्ट मरीन म्युझियम गाठा. दोन्हीकडे या थरांची जाण असलेली माणसं आहेत.

माझ्याकडून 'क'चं उत्तर हवं असेल तर दोन फोटो पुन्हा काढा. एक कानांचा, अगदी जवळून. दुसरा आतल्या बाजूचा, प्रकाश डावीकडून वरून तिरका पडेल असा, शेजारी पट्टी ठेवून. ओला करून काढू नका, ओल्या शिंपल्याला खोटी चकाकी येते. आणि पुढच्या वेळी त्या काठावर गेलात तर पांढऱ्या पट्ट्याखालच्या करड्या वाळूत कान शाबूत असलेला, 'ब'सारख्या फासळ्यांचा एखादा तुकडा दिसतो का पाहा. उचलण्याआधी जागेवरच फोटो घ्या.